नवऱ्याच्या पहिल्या लग्नातला चाइल्ड सपोर्ट आणि आमचा टॅक्स रिफंड (अमेरिका)

रातराणी | १४ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेली काही वर्षं इथे वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझं पहिलं लग्न, नवऱ्याचं दुसरं. त्याचा अकरा वर्षांचा मुलगा आईजवळ दुसऱ्या राज्यात असतो. चाइल्ड सपोर्ट (मुलाच्या खर्चासाठी दरमहा द्यायची रक्कम) कोर्टाने ठरवून दिलेला आहे आणि तो नवऱ्याच्या पगारातून परस्पर कापला जायचा. मध्यंतरी ले-ऑफमध्ये त्याची नोकरी गेली. पगार थांबला तशी कपातही थांबली, आणि नवी नोकरी लागेपर्यंत थकबाकी साचली. बरीचशी फेडून झाली आहे, पण सगळी नाही.

यंदा आम्ही पहिल्यांदाच जॉइंट रिटर्न (दोघांचं मिळून एकच टॅक्स रिटर्न) भरलं. रिफंड ५,४०० डॉलर दाखवत होता, खात्यात आले १,१५०. पाठोपाठ ब्युरो ऑफ द फिस्कल सर्व्हिसचं (अमेरिकन ट्रेझरीचा विभाग) पत्र आलं की उरलेली रक्कम थकीत चाइल्ड सपोर्टकडे वळवली आहे. त्या रिफंडमधला मोठा भाग माझ्या पगारातून जास्त कापल्या गेलेल्या टॅक्सचा होता. मुलाचे पैसे मुलाला मिळालेच पाहिजेत, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण माझ्या कमाईतून ते असे न विचारता घेता येतात का? आमच्या टॅक्सवाल्याने "आता काही होणार नाही" म्हणून हात वर केले. कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

डेलावेअरकर | १४ मार्च, रात्री १०:५५

रातराणी, अजूनही करता येतं. आणि लवकर करा.

मी टॅक्सच्या हंगामात व्हीटा केंद्रावर (टॅक्स भरायला मोफत मदत मिळते तिथे) स्वयंसेवक म्हणून बसतो, तिथे हे प्रकरण दरवर्षी येतं. रिफंड वळवण्याच्या योजनेचं नाव ट्रेझरी ऑफसेट प्रोग्रॅम. राज्याची चाइल्ड सपोर्ट एजन्सी थकबाकीदारांची यादी वर पाठवते आणि रिफंड सुटताना ट्रेझरी तो या यादीशी ताडून बघते. थकबाकी ५०० डॉलर झाली की नाव यादीत जाऊ शकतं. मुलाच्या घराला सरकारी रोख मदत मिळत असेल तर ही मर्यादा १५० डॉलर आहे. नाव पाठवण्याआधी एक नोटीस येते, पण ती थकबाकीदाराच्या नोंदवलेल्या पत्त्यावर. घर बदललेलं असेल तर ती जुन्या पत्त्यावरच जाते.

जॉइंट रिटर्नवर रिफंड दोघांच्या नावाचा एकच असतो, म्हणून यंत्रणा तो आधी सगळा धरते. तुमचा वाटा सोडवण्यासाठी फॉर्म ८३७९ आहे, इंज्युअर्ड स्पाउस अ‍ॅलोकेशन. कर्ज फक्त जोडीदाराचं आहे आणि रिफंडमध्ये माझ्या कमाईतून कापलेला टॅक्स आहे, एवढं त्यातून दाखवायचं असतं. इनोसंट स्पाउस (फॉर्म ८८५७) याच्याशी गल्लत करू नका. तो जोडीदाराने रिटर्नवर लपवाछपवी केली असेल तेव्हाचा.

फॉर्म दोनच पानांचा आहे, पण लोक तिसऱ्या भागात अडकतात. तिथे प्रत्येक ओळीला तीन रकाने आहेत: जॉइंट रिटर्नवरचा आकडा, त्यातला तुमचा, त्यातला त्याचा. पगार ज्याच्या डब्ल्यू-२ वर (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला) त्याच्या रकान्यात. कापलेला टॅक्स (डब्ल्यू-२ ची दोन नंबरची चौकट) तसाच, ज्याचा त्याला. स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट) मात्र निम्मं-निम्मं. जॉइंट खात्यावरचं व्याजही साधारणपणे निम्मं-निम्मं. रिफंडमधला तुमचा वाटा किती ते तुम्ही काढायचं नाही, ते आयआरएस (फेडरल टॅक्स खातं) काढते. तुम्ही फक्त आकडे योग्य रकान्यात बसवायचे.

तुमचं रिटर्न आधीच गेलेलं आहे, त्यामुळे फॉर्म एकटाच पाठवा, सोबत दोघांच्या डब्ल्यू-२ च्या प्रती जोडा. प्रती नसल्या तर हमखास खोळंबा होतो. एकट्या फॉर्मला साधारण ८ आठवडे लागतात. पुढच्या वर्षी रिटर्नसोबतच लावलात तर ई-फाइलला साधारण ११ आठवडे, कागदी रिटर्नला १४. तो दरवर्षी नव्याने भरावा लागतो, एकदा भरला की कायमचं काम झालं असं नाही.

रातराणी | १५ मार्च, सकाळी ७:१०

डेलावेअरकर, मनापासून आभार. रात्री हे वाचलं आणि जरा धीर आला.

दोन प्रश्न. पुढच्या वर्षी आम्ही वेगवेगळी रिटर्न भरली तर हा प्रश्नच येणार नाही ना? आणि नवरा दरमहा एवढे पैसे देतो, ते त्याच्या उत्पन्नातून कुठेच वजा होत नाहीत का? त्याचा एक मित्र म्हणतो की त्याचे वजा होतात.

डेलावेअरकर | १५ मार्च, सकाळी ८:३५

वेगवेगळी भरलीत तर तुमचा रिफंड त्याच्या थकबाकीपासून सुरक्षित राहील, हे खरं. पण मॅरीड फायलिंग सेपरेटली महाग पडतं. स्टुडंट लोनच्या व्याजाची वजावट जाते, शिक्षणाची क्रेडिट्स (टॅक्समधून थेट मिळणारी सूट) जातात, पाळणाघराच्या खर्चाचं क्रेडिट बहुतेकांचं जातं. दोन्ही पद्धतींनी आकडेमोड करून बघा. मी पाहिलेल्या बहुतेक जोडप्यांना जॉइंट रिटर्न अधिक ८३७९ हेच फायद्याचं ठरलं.

मित्र बहुधा अ‍ॅलिमनीबद्दल (घटस्फोटित जोडीदाराला द्यायची पोटगी) बोलतो आहे. चाइल्ड सपोर्ट देणाऱ्याला वजा मिळत नाही आणि घेणाऱ्याचं ते उत्पन्न धरलं जात नाही. आधीही नव्हतं, आताही नाही. जोडीदाराच्या अ‍ॅलिमनीचं वेगळं होतं. घटस्फोटाचा कागद ३१ डिसेंबर २०१८ पर्यंतचा असेल तर देणाऱ्याला वजावट मिळते आणि घेणारी टॅक्स भरते. २०१९ पासूनच्या घटस्फोटांना ते लागू नाही. मित्राचा घटस्फोट जुना असेल तर तोही बरोबर आणि तुम्हीही बरोबर.

निशिगंध | १५ मार्च, दुपारी १२:२०

मी पलीकडच्या बाजूने लिहिते आहे. मुलगी माझ्याजवळ असते आणि चाइल्ड सपोर्ट मला मिळतो, म्हणजे मिळायला हवा.

रातराणी, तुमचा सूर आवडला. "मुलाचे पैसे मुलाला मिळालेच पाहिजेत" हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिणारे थोडे असतात. माझ्या एक्सने बराच काळ एक डॉलरही दिला नव्हता. घरभाडं, पाळणाघर, मुलीचा चष्मा, सगळं माझ्या एकटीच्या पगारात. मग एका वसंतात अचानक एजन्सीकडून मोठी रक्कम जमा झाली, ती त्याच्या रिफंडमधून आलेली होती. ही योजना नसती तर ते पैसे मला कधीच दिसले नसते. त्यामुळे तिला नावं ठेवण्याआधी त्या मुलांचा विचार करा, एवढंच म्हणेन.

एक गोष्ट दोन्ही बाजूंना माहीत हवी. रिफंड जॉइंट रिटर्नमधला असेल तर राज्य तो सहा महिन्यांपर्यंत रोखून ठेवू शकतं, नव्या बायकोचा ८३७९ येईल म्हणून. मी ते पैसे येणार म्हणून खर्च आखले होते आणि ते अडकून पडले. रातराणी, तुम्ही फॉर्म लवकर पाठवलात तर त्या मुलाच्या आईलाही लवकर कळेल की त्यातलं नक्की तिचं किती. नाहीतर दिलेले पैसे परत मागायची वेळ येते आणि ते कोणाच्याच हिताचं नसतं.

माझ्यासारख्या बायकांसाठी आणखी एक. हे पैसे उत्पन्न नाहीत, त्यामुळे टॅक्स रिटर्नवर ते कुठेही लिहायचे नाहीत. मार्केटप्लेसवरून (सरकारी विमा संकेतस्थळ) आरोग्य विमा घेताना उत्पन्न विचारतात, तिथेही चाइल्ड सपोर्ट धरायचा नाही. माझ्या ओळखीच्या एका मैत्रिणीला कोणीतरी तो धरायला सांगितला आणि तिची सबसिडी उगाच कमी झाली.

शिवनेरी | १५ मार्च, संध्याकाळी ६:०५

रातराणी, तुमच्या नवऱ्याच्या नोकरीचा मुद्दा पुढे कोणी नीट सांगितला नाही म्हणून लिहितो. मीही ले-ऑफमधून गेलो आहे, एच-१बीवर (नोकरीशी बांधलेला व्हिसा), दुसरी नोकरी शोधायला हाताशी ६० दिवस. त्या वेळी व्हिसा, भाडं, मुलाखती यांपलीकडे काही सुचत नाही.

नोकरी गेली म्हणून चाइल्ड सपोर्टची ऑर्डर आपोआप कमी होत नाही. कोर्टात मॉडिफिकेशनचा अर्ज जाईपर्यंत जुनाच आकडा दरमहा चढत राहतो, आणि चढलेला आकडा नंतर कोणताही न्यायाधीश मागे जाऊन कमी करू शकत नाही. १९८६ साली फेडरल कायद्यात ब्रॅडली अमेंडमेंट आली, तेव्हापासून असं आहे. कमी करता येतं ते अर्जाची नोटीस दुसऱ्या बाजूला पोचली त्या तारखेपासून पुढे. म्हणून ले-ऑफचं पत्र हातात पडलं की रेझुमे अपडेट करायच्या आधी हा अर्ज टाकायचा. नोकरी दोन आठवड्यांत लागली तर अर्ज मागे घेता येतो. मला माझ्या वकीलबाईंनी हे पहिल्याच फोनवर सांगितलं, म्हणून मी वाचलो.

आणि पगारातून कपात बंद झाली की पैसे स्वतः भरायचे, तेही राज्याच्या पेमेंट केंद्रातूनच. एक्सला Zelle सारख्या अ‍ॅपने थेट पाठवलेत तर बऱ्याच ठिकाणी ते भेट म्हणून धरले जातात आणि थकबाकीत तुमच्या नावावर ते महिने तसेच राहतात. नवीन नोकरी लागली की एजन्सीला लगेच कळवा. कपातीचा आदेश नव्या एचआरकडे पोचेपर्यंत मध्ये एकदोन पगार सुटतात, ती रक्कमही आपणच भरायची. थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली तर अमेरिकन पासपोर्टही अडतो. सिटिझन झालेल्यांनी भारताची तिकिटं काढण्याआधी हे तपासावं.

अभंग_ऑस्टिन | १६ मार्च, सकाळी ९:३०

धागा चांगला चालला आहे, माझाही प्रश्न इथेच विचारतो.

आमचा घटस्फोट टेक्ससमधला. मुलगा दोघांकडे आलटून पालटून. ऑर्डरमध्ये लिहिलं आहे की मुलाला टॅक्समध्ये (आपल्यावर अवलंबून म्हणून) एक वर्ष मी दाखवायचं, एक वर्ष तिने. यंदा माझी पाळी. तिने आधीच दाखवला आणि माझं ई-फाइल परत आलं. चाइल्ड सपोर्ट मी देतो, एकही महिना चुकवलेला नाही. कोर्टाचा कागद माझ्या बाजूने आहे. आयआरएसला तो पाठवला की झालं ना?

डेलावेअरकर | १६ मार्च, सकाळी १०:५०

अभंग, नाही. तुमच्यासारख्या सरळ माणसाचं यात नुकसान होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पैसे कोण देतं यावर मूल कोणाच्या रिटर्नवर हे ठरत नाही. आयआरएस रात्री मोजते. वर्षभरात मूल ज्याच्या घरी जास्त रात्री झोपलं, तो कस्टोडियल पालक. वर्ष ३६५ दिवसांचं, म्हणजे नेमकं निम्मं-निम्मं सहसा होतच नाही, कोणाकडे तरी एक रात्र जास्त पडतेच. लीप वर्षात १८३-१८३ झालंच तर ज्याचं अ‍ॅडजस्टेड ग्रॉस इन्कम (काही ठरावीक वजावटींनंतरचं उत्पन्न) जास्त तो.

उन्हाळ्यात मुलगा आजी-आजोबांकडे पुण्याला गेला तर त्या रात्री कोणाच्या? एरवी त्या रात्री तो ज्या पालकाकडे असता, त्याच्या. आपल्याकडे महिना-दीड महिना सहज जातो आणि तेवढ्याने पारडं फिरतं. शाळेचं कॅलेंडर, विमानाची तिकिटं, देवाणघेवाणीचे मेसेज जपून ठेवा.

तुमच्याकडे रात्री कमी असतील तर मूल दाखवण्यासाठी तिची सही असलेला फॉर्म ८३३२ (मूल दाखवायचा हक्क दुसऱ्या पालकाला सोडल्याचा) लागतो. २००९ पासूनच्या घटस्फोटात ऑर्डरची पानं जोडून भागत नाही. ऑर्डर तिला बांधते, आयआरएसला बांधत नाही. ती सही देत नसेल तर त्याच फॅमिली कोर्टात जाऊन ऑर्डर अमलात आणायला लावायची, टॅक्सच्या दारात हे भांडण सुटत नाही. उलट रात्री तुमच्याकडे जास्त असतील तर तुम्ही मुलाला दाखवून रिटर्न भरू शकता. ई-फाइल परत आलं असेल तर आयआरएसकडून आयपी पिन (ओळख पटवणारा गुप्त क्रमांक) घेऊन पुन्हा ई-फाइल करा, आता ते स्वीकारतात. किंवा कागदी पाठवा. मग दोघांना पत्रं येतील आणि पुरावे मागतील.

८३३२ मिळाला तरी त्याने सगळं मिळत नाही. त्याने चाइल्ड टॅक्स क्रेडिट तुमच्याकडे येतं, २०२५ च्या रिटर्नला १७ वर्षांखालच्या मुलामागे २,२०० डॉलर. हेड ऑफ हाउसहोल्ड (एकट्याने घर चालवणाऱ्याचा, जास्त वजावटीचा दर्जा), अर्न्ड इन्कम क्रेडिट (कमी कमाईवाल्यांसाठीचं) आणि पाळणाघराचं क्रेडिट यांतलं काहीही सहीने देता येत नाही, मूल ज्या घरी राहतं तिथेच ते राहतं. २०२५ साठी सिंगलचं स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० आहे, हेड ऑफ हाउसहोल्डचं २३,६२५. "पैसे मी देतो म्हणजे घर मीच चालवतो" असं धरून हेड ऑफ हाउसहोल्ड टाकणारे बाप मी दरवर्षी बघतो आणि त्यांना सहीपेक्षा मोठा प्रश्न तिथे उभा राहतो.

टेक्ससमध्ये आहात म्हणून जाता जाता: कम्युनिटी प्रॉपर्टी राज्यांत, म्हणजे जिथे नवरा-बायकोची कमाई दोघांची मानतात तिथे (टेक्सस, कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना, वॉशिंग्टन वगैरे) वरच्या ८३७९ ची वाटणी राज्याच्या कायद्याने होते. तुम्ही पुन्हा लग्न केलंत तर रातराणींसाठी लिहिलेला हिशेब तुमच्या घरी तसाच लावू नका.

पाटणकर | १६ मार्च, दुपारी १:१५

मुलीचा जन्म नाशिकचा, ती एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे, सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आयटीआयएन (फक्त टॅक्सपुरता क्रमांक) आहे. मला ते २,२०० मिळतील का?

डेलावेअरकर | १६ मार्च, दुपारी १:४०

नाही. मुलाला काम करण्यास वैध असा सोशल सिक्युरिटी नंबर हवा. तुम्हाला ५०० डॉलरचं क्रेडिट फॉर अदर डिपेंडंट्स मिळेल, बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील तर.

चंद्रभागा | १७ मार्च, सकाळी ६:२५ (भारतीय वेळ)

मी पुण्याहून लिहितो आहे. माझी मुलगी अमेरिकेत घटस्फोट घेऊन नातीला घेऊन आमच्याकडे आली. नात तिकडची नागरिक आहे. जावई (पूर्वीचे) दरमहा डॉलर पाठवतात, नियमित पाठवतात. काही तिच्यासाठी, काही नातीसाठी. मुलीने नातीच्या नावाने एफडी केल्या आहेत. बँकेतल्या माणसाने टॅक्स लागेल म्हणून सांगितलं, शेजारच्यांनी लागत नाही म्हणून सांगितलं. कोणाचं खरं?

वहीखाते | १७ मार्च, सकाळी ११:०० (भारतीय वेळ)

काका, मी पुण्यात सीए आहे. रक्कम एकत्र येत असली तरी हिशेब दोन वेगळे ठेवा.

मुलीला स्वतःला दरमहा मिळणारी पोटगी हे तिचं करपात्र उत्पन्न. एकरकमी मिळाली असती तर ती भांडवली जमा धरली गेली असती आणि तिच्यावर कर नसता. मुंबई उच्च न्यायालयाने १९८३ साली प्रतापगढच्या प्रिन्सेस महेश्वरीदेवींच्या प्रकरणात हा भेद केला आणि आजही त्याच्याच आधाराने काम चालतं. नातीसाठी येणारा पैसा वडिलांकडून मुलीला येतो, आणि आयकरात नातेवाइकाकडून मिळालेली रक्कम करपात्र नसते. म्हणूनच कोर्टाच्या कागदावर कोणाला किती हे वेगळं लिहिलेलं असलं आणि नातीचे पैसे तिच्याच खात्यात येत असले तर पुढे त्रास होत नाही.

एफडीच्या व्याजाचं मात्र बँकेतल्या माणसाचं बरोबर आहे. अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलाचं उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात. घटस्फोट झाला असेल तर जो पालक मुलाला सांभाळतो त्याच्यात. म्हणजे तुमच्या मुलीच्या रिटर्नमध्ये. जुन्या करप्रणालीत दर मुलामागे वर्षाला १,५०० रुपयांची सूट आहे, नव्या प्रणालीत तीही नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुन्या लेखांमधले क्रमांक तसेच उतरवू नका.

आणि इथे वर ज्याची चर्चा चालली आहे तसं भारतात होत नाही. आयकर खातं परतावा वळवतं तो थकीत करासाठी. पोटगी थकली तर कोर्टातच वसुलीचा अर्ज करावा लागतो. त्यात २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यावं लागतं, आयकर विवरणपत्रांसह. मला स्वतःला हा निकाल फार मोलाचा वाटतो. "माझी काहीच कमाई नाही" असं तोंडी सांगून सुटणं त्यानंतर अवघड झालं.

डेलावेअरकर | १७ मार्च, सकाळी ९:१५

काकांच्या नातीबद्दल भर घालतो. ती अमेरिकन नागरिक आहे आणि तिला सोशल सिक्युरिटी नंबर असेल, तर आईने ८३३२ वर सही दिल्यास वडिलांना तिचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट घेता येऊ शकतं. तुमच्या मुलीला तिकडे रिटर्न भरायचं नसेल तर ते क्रेडिट एरवी वायाच जातं. दोघांमध्ये बोलणं असेल तर ही सही देऊन त्या बदल्यात नातीच्या शिक्षणासाठी काही वाढवून घेता येईल.

निशिगंध | १७ मार्च, रात्री ८:५०

काकांनी मुलीला सही द्यायला जरूर सांगावं, पण एकाच वर्षाची. ८३३२ च्या पहिल्या भागात फक्त चालू वर्ष असतं. दुसऱ्या भागात "पुढची सगळी वर्षं" लिहिता येतं आणि वकिलांच्या घाईत बायका तिथेच सही करतात. मग पैसे थांबले तरी सही उभीच राहते. ती मागे घेण्यासाठी तिसरा भाग आहे, पण मागे घेतल्याची सूचना समोरच्याला ज्या वर्षी दिली त्याच्या पुढच्या वर्षापासून ती लागू होते. माझा नियम सरळ आहे: डिसेंबरअखेर त्या वर्षाचा सपोर्ट पूर्ण आला असेल तर जानेवारीत त्या एका वर्षाची सही.

ज्यांची मुलं बारावीच्या आसपास आहेत त्यांच्यासाठी: २०२४-२५ पासून एफएएफएसएचे (कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) नियम बदलले. पूर्वी मूल ज्याच्याकडे जास्त राहिलं तो पालक फॉर्म भरायचा. आता मागच्या बारा महिन्यांत ज्याने जास्त आर्थिक भार उचलला तो भरतो. मिळालेला चाइल्ड सपोर्ट तिथे विचारतात आणि तो मालमत्तेच्या रकान्यात जातो. टॅक्स रिटर्नवर मुलाला कोण दाखवतं याच्याशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे ८३३२ कोणाकडे आहे ते बघून फॉर्म भरू नका.

रातराणी | १८ मार्च, रात्री ९:०५

८३७९ आज पोस्टात टाकला, दोघांचे डब्ल्यू-२ जोडून. नवऱ्याने एजन्सीला फोन करून पत्ता आणि नवीन कंपनीचं नाव नोंदवलं. उरलेल्या थकबाकीसाठी दरमहा किती जास्तीचे कापायचे तेही ठरलं. न्यू जर्सीचा राज्याचा रिफंड अजून यायचा आहे. त्यालाही हाच फॉर्म चालेल का?

डेलावेअरकर | १८ मार्च, रात्री ९:३०

नाही, ८३७९ फक्त फेडरलसाठी. राज्यंही आपापले रिफंड चाइल्ड सपोर्टसाठी वळवतात आणि जोडीदाराचा वाटा सोडवायची त्यांची पद्धत वेगळी असते. राज्याच्या पत्रात हरकतीची मुदत छापलेली असते, ती मोजून अर्ज करा. सोबत ८३७९ ची एक प्रत जोडलीत तर वाटणी समजावून सांगायला सोपं जाईल.